वक्ता हाय!

आमच्या शेजारची, मूळ जासई गावची मुलगी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. चालते भरभर, बोलते त्याहून भरभर, आणि घाईत तिच्या 'आहे'चं 'हाय' होतं. परवा एका ऑनलाइन परिषदेत वक्त्याची इंग्रजीत ओळख करून द्यायचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं. "आजी, गावचा शब्द निसटला तर हसतील हो सगळे," म्हणत ती तालमीला माझ्याकडे आली. "जिभेला लगाम घाल," असं मीही ऐटीत सांगितलं. तरुणपणी महिला मंडळात मी पाहुण्यांची ओळख इतक्या अलंकारिक भाषेत करून दिली होती, की शेवटी त्यांचं नावच विसरले!

परिषदेच्या दुपारी मी कॅमेऱ्याच्या आड बसले. तिनं ओळख झकास करून दिली, आणि नेमका वक्ताच पडद्यावरून गायब! ती घाबरली. थोड्या वेळानं तो उगवला आणि "मी दिसतोय का?" असं इंग्रजीत विचारू लागला. ही आनंदानं ओरडली, "हाय, हाय!"

त्यानंही हात हलवून "हाय!" केलं. मी कपाळाला हात लावला. तिनं मात्र मान ताठ करून इंग्रजीत सांगितलं, "आमच्या गावात 'हाय' म्हणजे 'आहे'."

"देन आय हाय!" तो हसत म्हणाला. चॅटमध्ये देशोदेशींहून तेच येऊ लागलं, "आय हाय! आय हाय!"

तिनं माइक बंद केला. "आजी, आमच्यात आय म्हणजे आई. थांबा, गावाला फोन लावते. आयला सांगते, जगभर तुझी हजेरी लागली!"