अण्णाचं तिकीट

निवडणुकीचे किस्से निवडणुकीत घडत नाहीत. तेव्हा सगळेच घाईत असतात. किस्से घडतात ते मधल्या रिकाम्या दिवसांत. आणि आमच्या बीदर भागात जिल्हा पंचायतीची निवडणूक इतकी वर्षं लांबत आलीय, की किस्से ठेवायला जागा उरली नाही!

माझा थोरला भाऊ शिवराजअण्णा. मला तो बसू म्हणायचा. खटकचिंचोळीत बसस्टँडजवळ त्याचं मंडपाचं दुकान होतं. शाळेत शिकवून झालं की मी तिथंच जाऊन बसायचो. गावात पक्ष दोन, एक पाटलांचा, दुसरा सावकारांचा. दोन्ही पक्ष मंडप न्यायचे अण्णाकडूनच. आणि दोघांनीही त्याला एकच शब्द दिला होता, "जिल्हा पंचायतीचं तिकीट तुलाच!" अण्णाला आयुष्यात एकदा उभं राहायचं होतं. पडलो तरी चालेल, म्हणायचा. म्हणून तो दोघांनाही धरून होता.

अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. दुकानात बसलं की एकेक आठवतं.

*

एका विधानसभेनंतर पाटील उठून सावकारांच्या पक्षात गेले. ते आले म्हणून सावकार रुसले, आणि आठवडा उलटायच्या आत पाटलांच्या जुन्या पक्षात गेले! कार्यकर्ते आपापल्या नेत्यामागं निघाले. भांडण होतं तसंच राहिलं, उपरण्यांचे रंग तेवढे उलटे झाले.

सभा तोंडावर आलेल्या, आणि नवी उपरणी काही येईनात. अण्णानं दोन्हीकडची पोरं दुकानात बोलावली. "वाट कामून बघायलाव रे? तुमची ह्यांना द्या, ह्यांची तुमी घ्या!"

अदलाबदल तिथंच झाली. एकानं उपरणं नाकाला लावलं. "ए, धुऊन तरी द्यायचं! घामाचा वास मारायलाय!"

समोरचा म्हणाला, "मग? इतकी वर्षं तुझ्याच पक्षासाठी घाम गाळलाय की!"

*

सभेला किती माणसं येणार, हे नेत्याच्या आधी अण्णाला कळायचं. माणसं कमी असली की तो खुर्च्या लांब लांब मांडायचा. फोटोत मैदान भरलेलं दिसायचं. ही सेवा दोन्ही पक्षांना होती.

एकदा सावकारांच्या सभेला अण्णा नव्हता. दुकानातल्या मारुतीनं खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडल्या. माणसं पुढं कोपऱ्यात गोळा झाली, मागं अख्खं मैदान मोकळं! सावकारांचा फोन आला, "शिवराज, पाटलाकडं निघालास व्हय रे?"

अण्णानं शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः पेढे घेऊन दुकानात हजर. "ऐकलं ते खरं हाय म्हण की! ये, तिकीट तुलाच."

ते गेल्यावर अण्णा मारुतीला म्हणाला, "बाबा, खुर्च्या जरा इचार करून मांडत जा. मी जागेवर बसलोय, अन् तू माझा पक्ष बदलायलास!"

*

मग कुठून तरी बातमी आली, आमची जागा महिलांसाठी राखीव होणार. अण्णाची झोप उडाली. दुकानात बसवेना, घरात बसवेना. शेवटी चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"अगं, उद्या चांगली साडी नेस. फोटो काढायचाय."

वहिनी भाकरी थापत होत्या. "निवडून आले तर मला काय करावं लागंल?"

"कायबी न्हाई! हिंडणं, बोलणं, सगळं मीच बघतो."

"मग फोटोलाबी तुमीच बसा. साडी काढून ठेवते!"

पुढं ती बातमीच खोटी निघाली. निवडणूकही पुढं गेली. अण्णा रोज उठला की आधी मोबाईल बघायचा, तारीख लागली का म्हणून. नाही दिसली की चहासुद्धा उभ्यानंच घ्यायचा.

*

बीदरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा आम्ही अण्णाला कावीळ म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी खरं काय ते मला आणि वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं होतं. अण्णा पडल्या पडल्या एवढंच विचारायचा, "बसू, तारीख लागली का?"

"न्हाई अजून."

एके दिवशी सकाळी पाटील आले. आधी व्हरांड्यात माझ्याकडून सगळं समजून घेतलं. मग आत जाऊन अण्णाचा हात हातात धरला. "शिवराज, वरनं पक्कं झालं. तिकीट तुलाच. लवकर बरा हो."

संध्याकाळी सावकार आले. त्यांनीही मला बाहेरच विचारलं, रुमालानं डोळे पुसले आणि आत गेले. "तुझंच नाव कळवलं बघ. आता त्यात बदल न्हाई."

सावकार गेले. अण्णा बराच वेळ छताकडं बघत पडला होता. मला वाटलं, खूश झाला.

"बसू."

"काय अण्णा?"

"दोघंबी एकदम तिकीट द्यायलेत."

"व्हय की. चांगलंच झालं."

त्यानं मान माझ्याकडं वळवली.

"डॉक्टर काय म्हणायलाय? खरं सांग."