सात हालींचे सहा कलदार

आक्काची देवावर जेवढी श्रद्धा होती, तेवढाच माझा त्याच्यावर राग होता. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या या बहिणीनेच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. पुढे लग्न होऊन ती वर्धा नदीपलीकडे, चांद्याला गेली. तिथे एकाच पावसाळ्यात पटकीच्या साथीने तिची दोन्ही लेकरं नेली. तरी दरवर्षी ती माहूरला जायची आणि रेणुकामाईची ओटी भरून यायची. मला ते बघवत नसे. ज्या देवीने एवढं हिरावून घेतलं तिच्यासमोर ही हात कसे जोडते, असं वाटायचं. मी तोवर वांकिडीला निजाम सरकारच्या शाळेत मास्तर झालो होतो. शिकवायचं उर्दूतून आणि घरी बोलायचं मराठी, असे ते दिवस. संध्याकाळी बायको देवापाशी दिवा लावायची तेव्हा मी मुद्दाम ओसरीवर जाऊन बसायचो. देव नाही असं मी म्हणत नव्हतो. तो असलाच तर माझं त्याच्याशी काही बोलणं उरलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्या उन्हाळ्यात भाऊजींची चिठ्ठी घेऊन एक गाडीवान आला. आक्काच्या पोटात गाठ झाली होती आणि तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी पोट फाडायचं ठरवलं होतं, त्याहून उशीर चालणार नव्हता. पण आक्का अडून बसली होती. भाऊजींनी तिचेच शब्द लिहिले होते, "माहा भाऊ आल्याबिगर मी त्या टेबलावर जात नाही." खाली एक ओळ होती : औषधं बाहेरून आणावी लागतात, माझ्याजवळचं सरलं, असेल नसेल ते घेऊन ये.

घरात बेचाळीस रुपये निघाले. ते कमरेला बांधून मी बैलगाडीने निघालो आणि गुरुवारी सकाळी नदीच्या अलीकडच्या राजुऱ्याला पोचलो. इथे एक सांगायला हवं. आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, हाली रुपया चालायचा, चारमिनार छापलेला. नदी ओलांडली की इंग्रजांचा मुलूख, तिथे त्यांचा कलदार. येणाऱ्या-जाणाऱ्याने सराफाकडून नाणं बदलून घ्यायचं, एवढी साधी गोष्ट. राजुऱ्याच्या सराफाची पेढी उघडायला वेळ होता. मी थांबलो नाही. पलीकडे बल्लारशाच्या स्टेशनाबाहेर एक सराफ रोज चवाळं अंथरून बसतो हे मला ठाऊक होतं. मी शिकलेला माणूस, मला कशाची अडचण येणार, या तोऱ्यात मी नावेत बसलो.

स्टेशनाबाहेर सराफाची जागा रिकामी होती. घरच्या लग्नाला गेला होता, दोन दिवसांनी येणार होता. तिकिटाच्या खिडकीतल्या बाबूने माझा रुपया हातातही घेतला नाही. "ये मोगलाई का सिक्का इधर नहीं चलेगा, मास्टर. कलदार लाओ." मी बाजारात गेलो. किराणावाला, कापडवाला, हॉटेलवाला, सगळ्यांकडे फिरलो. त्याच आठवड्यात कोणीतरी खोटे हाली खपवून गेलं होतं, त्यामुळे चारमिनार दिसताच लोक हात मागे घेत होते. एकाने तर मलाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कमरेला बेचाळीस रुपये होते आणि माझ्याने चण्याची पुडी विकत घेववत नव्हती. दुपारची गाडी गेली की दुसरी उद्याच. उद्या सकाळी तर आक्काची वेळ होती.

स्टेशनाबाहेर कडुनिंबाखाली मी उभा राहिलो आणि किती वर्षांनी कोण जाणे, देवीशी बोललो. ती प्रार्थना नव्हती, भांडणच होतं. मी मनात म्हणालो, "माझ्यासाठी काही करू नकोस. पण तुझी ओटी भरणारी तिकडे पडली आहे. निदान त्या सराफाला तरी माघारी आण." बराच वेळ मी रस्त्याकडे डोळे लावून होतो. सराफ आला नाही. मग मी राजुऱ्याच्या पेढीवर जाण्यासाठी नदीकडे निघालो. घाटापासून राजुरा चांगलं कोसाहून लांब. तिथून परत येईपर्यंत गाडी निघून जाणार हे मला कळत होतं. तरी पाय चालत होते. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नावाडी सकाळचाच होता. माझ्याजवळ सुटे नव्हते, सगळ्या खेपांचे पैसे नागपूरहून परतल्यावर दे म्हणाला. मोगलाईच्या काठावर उतरलो. तिथे करोडगिरीचा नाका होता, पलीकडून येणाऱ्या मालावर जकात घेणारा. नाक्याच्या छपराबाहेर वाळूत एक पन्नाशीची बाई बसली होती. पुढ्यात पितळेचे दोन नवे हंडे, एक घंगाळ आणि कापडाचं गाठोडं. डोळे पुसून पुसून लाल झाले होते. मी घाईत होतो, पुढेच गेलो असतो. पण तिनेच हाक मारली.

"भाऊ, तुमी शिकले-सवरलेले दिसता. या शिपायाले जरा सांगा ना. सकाळपासून बसून राह्यली मी. माह्या पोरीचं लगन हाय आसिफाबादेले, आंदनाची भांडी घेऊन चालली. जकात द्याले मी कवाची तयार हाय, पण हा मले म्हनते, हाली आन. मी चांद्याची बाई, मी हाली कुठून आनू? माल इथं टाकून राजुऱ्याच्या पेढीवर तरी कशी जाऊ?"

मी विचारलं, "मावशी, तुमच्याजवळ काय आहे मग?"

"कलदार हायेत ना भाऊ. छत्तीस. सारे इकडंच खर्चाचे हायेत. पन इथं ते घेतेच कोन?"

मी तिथेच वाळूत बसलो. कमरेची गाठ सोडून सारे हाली तिच्यासमोर ठेवले. तिने आधी रुपयांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम रडायलाच लागली. "मी बसल्या बसल्या देवीमायले हेच मागून राह्यली होती," ती म्हणाली. "म्हटलं, कोनाले तरी धाड."

आता जे सांगतो ते सांगायला आजही जड जातं. डोळे पुसून ती म्हणाली, "घ्या भाऊ, रुपयाले रुपया. मले त्या हिशोबातलं काई समजत नाई." कलदाराची किंमत हालीपेक्षा जास्त, सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळायचे. तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर छत्तीस कलदार घेऊन वर माझे सहा रुपये मला उरले असते, नागपूरच्या सराफाकडे त्यांचेही कलदार झाले असते. आक्काची औषधं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं किती वेळाचं होतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात मी मनातल्या मनात ते सहा रुपये ठेवूनही घेतले होते. मग माझी नजर तिच्या हातांकडे गेली. नव्या हंड्याचा काठ ती पदराने पुसत होती, वाळूचा एक कणही राहू नये म्हणून. मला आक्काचे हात आठवले. "नाही मावशी," मी म्हणालो, "तुमचं नाणं भारी आहे. तुम्हाला जास्त मिळायला हवेत."

मी वाळूत सात-सात रुपयांच्या सहा ढिगल्या लावल्या. प्रत्येक ढिगलीसमोर तिने सहा कलदार ठेवले. शेवटची ढिगली लावली तेव्हा माझ्याजवळ एक हालीही उरला नाही आणि तिच्याजवळ एक कलदारही नाही. छत्तीस आणि बेचाळीस, बरोबर. आम्ही दोघं त्या ढिगल्यांकडे नुसतं बघत राहिलो. इतका वेळ उंबऱ्यात उभा असलेला शिपाई पुढे आला, त्याने जकातीपोटी माझा एक हाली उचलून दगडावर वाजवला आणि म्हणाला, "असली है. जाओ माँ, माल उठाओ." मी हंडे नाक्यामागे उभ्या असलेल्या तिच्या भाड्याच्या बैलगाडीत चढवले. मी वाकून नमस्कार केला तर तिने माझे खांदे धरले. "काऊन पाया पडता? तुमीच तर माह्यासाठी आले." तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पलीकडे जाणारी होडी सुटत होती.

मी पळतच स्टेशन गाठलं. गाडी फलाटावर उभी होती, इंजिन पाणी घेत होतं. बाबूने कलदार घेतला, वाजवलासुद्धा नाही.

सकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा आक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. मला पाहून म्हणाली, "आलास? काऊन रे, जेवला नाईस का काल?" आणि नर्सकडे वळून म्हणाली, "चला आता बाई, कुठं न्यायचं तिथं न्या." दुपारपर्यंत मी आणि भाऊजी व्हरांड्यात बसून होतो. डॉक्टर बाहेर आले आणि गाठ निघाली म्हणाले. औषधं त्या कलदारांत आली. आक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिने माझ्या तिन्ही मुलांची लग्नं पाहिली.

बरी झाल्यावर एकदा तिने विचारलं, "काय नवस बोलला होतास रे तेव्हा? फेडायचा असंल तर मी संग येईन." मी म्हणालो, नवस बोलायची अक्कलच मला कुठे होती, मी तर भांडत होतो. ती हसली. म्हणाली, "भांडनं बी ऐकूच जाते तिले."

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. त्या दिवशी नदीच्या दोन काठांवर दोन माणसं अडली होती आणि एकीची अडचण हाच दुसऱ्याचा मार्ग होता, एवढंच मी पाहिलं. मी कडुनिंबाखाली सराफाची वाट बघत होतो, त्याच वेळी ती बाई वाळूत बसून माझ्यासारख्या कोणाची तरी वाट बघत होती. मी मागितलेला सराफ शेवटपर्यंत आला नाही. तो आला असता तर मी तिकीट काढून निघून गेलो असतो आणि ती तिथेच बसून राहिली असती.

आता मीही देवीसमोर बसतो. मागणं काही सुटलेलं नाही, संसारी माणसाचं ते सुटतही नसावं. पण काय हवं ते सांगून झालं की मी गप्प होतो. ते कसं द्यायचं, कोणाच्या हातून द्यायचं, हे तिला सांगत बसत नाही.