उपाशी दगड

मुंबईहून गावी येणारा माणूस काही ना काही घेऊन येतो. कुणी स्टोव्ह आणतो, कुणी बायकोसाठी पातळ, कुणी निदान खारी बिस्किटांचा डबा. मी दगड आणले.

तेव्हा मालवणला आगबोट बाहेर समुद्रातच उभी राहायची आणि माणसं नि सामान होडीने किनाऱ्याला यायचं. तागाच्या गोणपाटात गुंडाळलेले माझे दगड दोऱ्या लावून होडीत उतरवले, तशी होडी एका अंगाला अशी कलली की सगळे उतारू न सांगता दुसऱ्या अंगाला सरकले. होडीवाला आमच्याच वाडीतला. त्याने गोणपाट चाचपून पाहिलं.

"ह्या काय रे?"

"दगड. छापायचे."

"मेल्या, मुंबयक जाताना सगळ्यांनी तुका सांगल्यानी, येताना कायतरी घेवन ये. आणि तू दगड घेवन इलंस? हंय चिऱ्यांची खाण आसा ती तुका दिसली नाय?"

होडी हसली. मीही हसलो, कारण तिथून उडी मारून जायला जागा नव्हती. किनाऱ्यावर बायको उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दगडांकडे. दोघांपैकी कुणावर तिचा कमी भरवसा बसला, हे मी विचारलं नाही.

गंमत बाजूला ठेवली तर गोष्ट अशी होती. मुंबईत मी एका शिळाछापखान्यात कामाला होतो. दगडावर चित्र काढायचं आणि त्याचे छाप घ्यायचे, रंगाला एक दगड. पुढे जस्ताच्या पत्र्यांची मोठी यंत्रं आली आणि आमचं जुनं हातयंत्र कोपऱ्यात गेलं. मालकाने ते दगडांसकट मला देऊन टाकलं. म्हणाला, "गावात काढून बघ. नाही जमलं तर आंब्यांनंतर परत ये, तुझी जागा धरून ठेवतो." तो भला माणूस होता, पण त्या जागेने माझी झोप खाल्ली. लग्न झाल्यापासून मी घरात चतुर्थीला आणि मे महिन्यात तेवढा असायचो. मी आलो की माझी मुलगी आईच्या पदराआड जाऊन विचारायची, "पावणो कधी जातलो?" धरून ठेवलेली जागा म्हणजे पुन्हा तोच पाहुणा.

बायकोने माझी ट्रंक दाराआड ठेवली ती कुलूप लावूनच. मी म्हटलं, "अगो, कपडे तरी बाहेर काढ."

"आधी एक काम पुरा करून दाखवा," ती म्हणाली. "दरवेळी भरूची नि दरवेळी उपसूची. माझे हात काय फुकटचे आसत?"

पुढच्या बोटीने सुटं करून आलेलं यंत्र मी रिकाम्या गोठ्यात बसवलं. सारवलेली जमीन स्वच्छ, गुळगुळीत, पाहायला फार सुंदर. पहिल्यांदा दगड चढवून दांडा ओढला, तेव्हा यंत्राचे पुढचे दोन पाय हळूच त्या सुंदर जमिनीत शिरले आणि सगळं धूड बसक्या म्हशीसारखं पुढे टेकलं. शेवटी गाडीभर चिरे आणून फरशी केली. चिरे घालायला होडीवाल्याचाच भाऊ आला होता. निरोप घेऊन आला होता तो: "दादान इचारल्यान, शेवटाक आमचेच दगड लागले मां?"

गावच्या बाजारात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापणारा एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावत्या, मयताचे कागद तिथे होत. मला त्याच्या वाटेला जायचं नव्हतं. त्याला जमत नाही ते रंगीत काम मी करणार होतो: आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, कोकमाच्या बाटल्यांवरचे कागद, दशावताराच्या मोठ्या जाहिराती. असं मी सगळ्यांना सांगत सुटलो, आणि सगळे ते जावयाचं ऐकावं तसं ऐकून घेत.

या धंद्याची सगळी विद्या एका वाक्यात मावते: तेल पाण्याला जवळ करत नाही. चित्र तेलकट शाईने काढायचं. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी राहतं, चित्रावर राहत नाही. मग शाईचा रूळ फिरवला की शाई चित्रालाच धरते. म्हणजे दगडावर चित्राखेरीज कुठेही तेलाचं बोट लागलं, की ते बोटही इमानेइतबारे छापलं जातं. आता विचार करा, हा धंदा काढायला मी जागा कोणती निवडली? जिथे डोक्याला खोबरेल, भाजीत खोबरेल, दिव्यात खोबरेल आणि दाराची कडी करकरली तर तिच्यातही खोबरेल!

घरात तेलबंदी जाहीर झाली. गोठ्यात यायचं तर राखेने हात घासून. दगड ओला करायला दुसरा माणूस लागतो, तो म्हणजे बायको. तिचं तेल लावलेलं डोकं दगडावर वाकलं की माझा जीव वर-खाली व्हायचा. तिने मुकाट्याने डोक्याला तेल लावणं सोडलं. चार दिवसांत विहिरीवर कुजबुज सुरू झाली, की सवाष्ण बाई कोरडे केस घेऊन फिरते, माहेरी कुणाचं काही झालं की काय? एक शेजारीण तर डोळे पुसतच भेटायला आली. बायकोने तिला सांगितलं, "कोणाचा काय होवक नाय गो. ह्यांच्या दगडाचा सुतक पाळतंय."

पहिलं काम दिलं वालावलकडच्या एका बागायतदाराने. गृहस्थ वयस्क, व्यवहाराचं बोलायचं झालं की गावची बोली सोडून पुस्तकी मराठीत शिरायचे. "दरवर्षी मी मुंबईहून लेबलं मागवतो आणि दरवर्षी ती आंबे संपल्यावर येतात. मग ती मी कशाला चिकटवू, वाळत घातलेल्या आंब्याच्या साटांना? पहिल्या पेट्या बोटीवर चढायच्या आधी कागद हातात हवा. नसेल होत तर आत्ताच सांगा, राग नाही."

"होईल," मी म्हणालो. माझाच आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला.

लेबलावर एक हापूस, दोन पानं, खाली बागेचं नाव. मी कागदावर पहिला आंबा काढला तो आईने निरखून पाहिला. "वांग्याचीय पेटी जाता मुंबयक?" तिने विचारलं. दुसरा तिला काजूसारखा वाटला. तिसऱ्यावर ती काही बोलली नाही, तेव्हा मी तो कायम केला. रंग तीन: पिवळा, लाल, आणि शेवटी काळपट हिरवा. हिरव्या दगडावर पानं, आंब्याची रेघ आणि अक्षरं. अक्षरं दगडावर उलटी काढावी लागतात. वाडीतले लोक ती वाचायला न्हाव्याकडचा आरसा घेऊन येत आणि आरशात स्वतःकडे बघून परत जात.

पिवळा आणि लाल छापून झाले. गोठ्यात आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर कागद वाळत घातले होते; पानं नसलेले आंबेच आंबे. राहिला होता हिरवा. तो बिघडला तर आधीचे दोन्ही रंग फुकट गेले असते, कारण तसला कागद मुंबईहूनच यायचा आणि दुसरा मागवायला वेळ उरला नव्हता. बागायतदारांच्या पेट्या भरायला लागल्याची बातमी बाजारात आली होती. हिरव्या दगडावरचं चित्र पुरं करून, मुंबईच्या रिवाजाप्रमाणे मी त्यावर बाभळीच्या डिंकाचं पाणी पातळ फिरवून सुकवलं. सकाळी छपाई.

आणि आईने विषय काढला. यंत्र आल्यापासून ती म्हणत होती, की देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय चाक फिरवू नये. पण गाऱ्हाणं घालणारे आमचे वडीलधारे गावकार शिमग्याच्या गडबडीत मोकळे नव्हते. आता ते मोकळे झाले होते आणि त्याच संध्याकाळी येणार होते.

गाऱ्हाणं म्हणजे नारळ, हळदकुंकू, दिवा, तेल. मी खूप विचार करून एक युक्ती काढली. माझ्याजवळ एक जादा दगड होता, कोरा, अजून कामाला न लावलेला. तो घराच्या ओटीवर पाटावर मांडला, त्याला हार घातला. चित्राचा दगड गोठ्यात यंत्रावर तसाच, वर स्वच्छ कागद घालून. युक्ती इतकी चोख होती की मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

गावकारांनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान मुंबयसून हे दगड आणल्यान हत..."

"व्हय म्हाराजा!" जमलेली वाडी म्हणाली.

"त्येच्या कामाक येस दी. कोणाची वायट नजर लागली आसात तर ती इल्या वाटेन परत धाड..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येका परत पोटासाठी मुंबयक जावची पाळी हाडू नको..."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला सगळ्यात मोठा आवाज दाराआडून आला. तिथे ट्रंक होती आणि ट्रंकेजवळ माझी बायको उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही.

सकाळी विहिरीवरून कळशी भरून मी गोठ्यात आलो. यंत्रावरचा कागद घडी करून बाजूला ठेवलेला होता. चित्राच्या दगडावर मधोमध पेटलेली पणती, पणतीतून ओघळून चित्रावर पसरलेलं तेल, एक जास्वंद, आणि दगडाच्या कोपऱ्यात ओल्या बोटाने लावलेलं कुंकू. पुढ्यात आई हात जोडून उभी.

"आये! ह्या काय केलंस?"

"काय केलंय म्हणजे? काल तू पुजलंस तो बसून खाणारो. आणि राबणारो हंय उपाशी! असा कोण करता रे? घरात राबणाऱ्याक आधी वाढतत."

मी कळशी खाली ठेवली आणि कळशीशेजारी बसलो. आंब्यांच्या दोऱ्या डोक्यावर हलत होत्या. बायको आली, तिने दगड पाहिला, सासूला पाहिलं, मला पाहिलं. मुंबईचा मालक माझी जागा धरून बसलाय, हे माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. आणि ते वाचायला आरसा लागत नव्हता.

"बिघाडला?" तिने हळूच विचारलं.

"तेल इतकं..." मी दगडाकडे बोट दाखवलं.

आईचा चेहरा उतरला. "मी चित्रार बोट लावक नाय हां. कोपऱ्यात लावलंय, रिकाम्या जाग्यार."

बायकोने पदर खोचला, राखेने हात घासले आणि म्हणाली, "बसान काय होतला? बघूया तरी."

मी पणती उचलली. टर्पेंटाइनच्या बोळ्याने तेल टिपलं, सवयीप्रमाणे चित्रही त्यानेच पुसलं; वरची शाई जाते, दगडात मुरलेलं चित्र राहतं. मग बायकोने पाण्याचा स्पंज फिरवला. डिंकाचा पापुद्रा सुटायला लागला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तेल दगडाला लागलंच नव्हतं. ते डिंकावर तरंगत होतं, शेवयांच्या खिरीवर तूप तरंगावं तसं. डिंक लावायचा तो ह्याचसाठी, हे मुंबईत मला रोज सांगितलं जाई, आणि मी रोज मान हलवून लावत असे. आज तो डिंक खरोखर कामाला आल्याचं पाहून माझ्याइतकं आश्चर्य कुणालाच वाटलं नसेल.

तरी छाप निघेपर्यंत भरवसा नव्हता. रूळ फिरवला, आंब्यांचा एक कागद बसवला, दांडा ओढला. बायकोने दोन बोटांत धरून कागद उचलला.

आंबा होता. त्याला पानं फुटली होती. अक्षरं सुलटी होती. आणि कागदाच्या अगदी कडेला एक गोल, हिरवट ठिपका. ओल्या बोटाने तेवढ्यापुरता डिंक विरघळला होता आणि आईचं तेलकट बोट तिथे दगडात कायमचं मुरलं होतं.

"लागला मां माझा बोट?" आई कासावीस होऊन म्हणाली.

"लागलं. पण ते कापायच्या कडेत आहे."

"म्हणजे बरा का वायट?"

"बरा गो आये, बरा!" मी म्हणालो आणि खुळ्यासारखा हसत सुटलो. बायकोही हसायला लागली. स्पंजमधलं पाणी माझ्या पायावर गळत होतं आणि दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती. आई मात्र गंभीरपणे दगडाला पुन्हा नमस्कार करायला निघाली, तेव्हा मी तिला लांबूनच करायला लावला.

बागायतदार कागद न्यायला स्वतः आले. एक लेबल त्यांनी हात लांब करून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं, मग पुस्तकी मराठी विसरून म्हणाले, "आंबो खावक घेवचो असो दिसता हां!" आणि जाता जाता कोकमाच्या बाटल्या भरणाऱ्या आपल्या साडूला माझ्याकडे पाठवतो म्हणाले. पेट्या निघायच्या आधी लेबलं खाडीच्या वाटेने बागेकडे जायला होडीत चढली. होडीवाल्याने गठ्ठा हातात तोलून पाहिला. "ह्या बरा," तो म्हणाला. "ह्येच्यान होडी कलणा नाय."

मालकाला मी पत्र टाकलं, की जागा दुसऱ्याला द्यावी.

त्या दुपारी बायकोने ट्रंक उघडली. माझे कपडे दांडीवर गेले. ट्रंक उन्हात तापवून ठेवली, पुढचा कोरा कागद दमट हवेपासून जपायला तिच्याइतकी चांगली जागा घरात नव्हती. कागद येईपर्यंत ती मुलीने ताब्यात घेतली, आत बसली आणि केरसुणीने होडी वल्हवायला लागली. बायको पायरीवर येऊन बसली. तेलाची वाटी शेजारी ठेवून तिने केस मोकळे सोडले.

"पुढलो छाप कधी?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"मगे आयतवारपर्यंत माझे केस माझे," ती म्हणाली, आणि वाटीत बोटं बुडवली.