चार नंबरचा डोंगर

माझ्या नवऱ्याने माझा विश्वासघात केला तो लग्नाआधीच. मला कळला लग्नानंतर. बाईबिई काही नव्हती. बाई असती तर सोपं गेलं असतं, चार नातेवाईक तरी माझ्या बाजूने बोलले असते.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका औषध कंपनीत होते. दम्यावरची एक गोळी अगदी माझी स्वतःची होती. तिच्यावरचा थर औषध सोडायची घाई करत नसे. सकाळी अख्खी गिळली की दिवसभर थोडं थोडं रक्तात उतरत राही. बाजारात माझी गोळी जाणार की शेजारच्या टेबलावरच्या माणसाची, हे एका चाचणीवर ठरणार होतं. धडधाकट माणसांना गोळी द्यायची आणि दर तासाला रक्त काढायचं. माणसं कमी पडली. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगा मुलुंडचा, भट्ट्या बांधणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. भीत भीत विचारलं, तर गडी शर्टाची बाही वर करूनच हजर. दुपारी त्याचे हात थरथरत होते. सकाळपासून चहा नाही ना, म्हणाला.

रक्ताच्या बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. कोणाचा कुठला, ते फक्त डॉक्टरांना ठाऊक. सगळ्यांचे आलेख आरे कॉलनीतल्या रस्त्यासारखे, सावकाश चढ, सावकाश उतार. चार नंबरचा मात्र डोंगर. सगळं औषध एकदम रक्तात! पेशंटच्या पोटात गोळी अशी फुटली तर हृदयाची धडधड जिवावर बेतायची.

मी रडले. होणाऱ्या नवऱ्याने रुमाल पुढे केला आणि म्हणाला, आपण गणिताने शोधू.

त्याचं काम भट्टीतल्या धगेचं. ज्वालेची आणि तापलेल्या भिंतींची धग लोखंडाच्या ठोकळ्यावर किती पडते, ठोकळा आतपर्यंत कधी तापतो, हे तो कॉम्प्युटरवर मांडायचा. भट्टीचे मनातल्या मनात कप्पे करायचे, आणि कुठल्या कप्प्यातून कुठे किती जातं ते बघायचं. माणसाचंही तेच, म्हणाला. पोट, आतडं, रक्त, झाले कप्पे. मग आमचे रविवार त्याच्या ऑफिसात जाऊ लागले. कॉम्प्युटरला धूळ चालत नसे म्हणून चपला दाराबाहेर, आणि आत एसीत आम्ही दोघं कुडकुडत.

कसली कसली कारणं शोधली त्याने! पोटातल्या आम्लाने थर उसवला असेल. थर एका बाजूने पातळ असेल. शेवटी थराला चीर गेली असं धरलं, आणि गणित त्या डोंगरावर असं चपखल बसलं की मी कौतुकाने तो कागद साहेबांना नेऊन दाखवला. साहेबांना पटलं. चीर जाणारी गोळी नको, म्हणाले. शेजारच्या टेबलाची गोळी निवडली गेली.

लग्न झालं. दिवाळीनंतर त्याला ताप आला. मी गोळी आणि पाणी दिलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि कुडुम कुडुम, चणे खाल्ल्यासारखं.

मी त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“चार नंबर तू होतास?”

तोवर मी त्याला अहो-जाहो करत होते. ते त्या दिवशी सुटलं ते सुटलंच.

“गोळी उतरतच नाही गं घशाखाली, लहानपणापासून. तुझ्यासमोर कसं सांगणार? डॉक्टरांनी पाठ फिरवली आणि मी चावली.”

“आणि ते सगळे रविवार?”

“पहिल्याच रविवारी सांगणार होतो. पण तू अशी शेजारी येऊन बसलीस. आणि मग गणितही जमायला लागलं.”

ताप उतरल्यावर तो स्वतः अंधेरीला आला, साहेबांना सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले, चहा मागवला. पण दुसऱ्या गोळीची खोकी तोवर दुकानांत पोचली होती. परतताना नवऱ्याचा चेहरा असा मोकळा, जणू हिशेब मिटला.

लग्नाकार्यात मी हा किस्सा नकलांसकट सांगते. लोक हसतात, तोही हसतो. माझ्या गोळीचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही.

हल्ली त्याला रक्तदाबाची गोळी लागते. हळूहळू विरघळणारीच, अख्खी गिळायची. रोज सकाळी मी समोर बसते. आ कर. जीभ वर कर. तो निमूटपणे सगळं दाखवतो आणि पेपर घेऊन गॅलरीत जातो. मी चटणीचा मिक्सर बंद करते, आणि कान देऊन ऐकते.