ओल्या डांबरावरची साळ

मंडळी, कुंभकोणमहून लिहितोय. आज मन थाऱ्यावर नाही.

काल गेटपासून पोर्चपर्यंतच्या डांबरी वाटेवर सीलकोट, म्हणजे डांबराचा नवा पातळ थर, मारून घेतला. दोन दिवस पाऊल ठेवायचं नव्हतं. घरात सगळ्यांना बजावलं, शेजारच्या अक्कांना सांगायचं राहिलं. दरवर्षी त्या उकडलेली साळ इथेच पसरतात. डांबर तापतं, साळ लवकर वाळते.

आज दुपारी गोविंदपुरमहून परतलो, तर उन्हानं मऊ पडलेल्या काळ्या थरात त्यांची वर्षाची साळ रुतलेली.

"वाट चकचकीत दिसली," अक्का म्हणाल्या. "वाटलं, माझ्या साळीसाठीच धुऊन ठेवलीस."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. अजून बसून एकेक दाणा उकरतायत. हा भात आता कुणाच्याच घशाखाली उतरणार नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?