मशीनवरचा शर्ट

लिही, मी सांगते. माझी धाकटी जाऊ पंचवीस वर्षं शिवणकाम करते. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असल्या तरी बोलणं काही थांबत नाही. दारात बाई आली की मापाआधीच सांगणार, "कंबर दोन बोटं वाढलीय तुमची." बायका चिडतात, पण परत हिच्याकडेच येतात.

तर दवाखान्यातल्या बावीस नर्सबायांचे गणवेश हिच्याकडे आले. शनिवारी द्यायचे. मापं सगळी फोनात, कारण वही हिच्या सुनेनेच बंद करवलेली. आणि बुधवारी त्याच सुनेने फोन पार पुसून काढला. का, तर सारखा अडकत होता. चांगल्या मनाने केलं हो तिने. पण पुसल्यावर फोन अडून बसला, आधीच्या खात्याचा पासवर्ड द्या, नाहीतर उघडत नाही.

सून रडवेली झाली. "आई, खातं उघडलं की मापं परत येतील. आठवा ना."

"आठवायचंय काय? इंग्रजीत शर्ट, आणि पुढे ह्यांच्या शर्टाची मापं. उंची, छाती, पोट. नवऱ्याचं माप कोण विसरतं?"

टाकलं. चुकलं. परत टाकलं. परत चुकलं.

मी म्हटलं, "दमाने घे गं. फार चुकलं तर तो रुसून बसतो म्हणे."

तिने फोन खाली ठेवला. "अक्का, बावीस बायकांना परत मापं द्या म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? पंचवीस वर्षांत एकदा वायदा चुकला नाही माझा."

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, उठून उभे राहिले. "घे, परत मोज."

तिने पोटाला टेप लावली आणि थांबली. "अहो, फोन घेऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"तेव्हा हे होतं?"

भाऊजींनी पोट आत ओढलं. "थोडं होतं."

"काडीचंही नव्हतं. तेव्हाचा शर्ट कुठाय?"

शर्ट समोरच होता. दोन वर्षं शिलाई मशीनवर झाकण म्हणून पडलेला, बाह्या मागे गाठ मारून बांधलेल्या. तिने गाठ सोडली, टेबलावर पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या आणि टेप धरली. "उंची एकोणतीस. छाती बेचाळीस. पोट चाळीस." "आणि मी तर पोट सत्तेचाळीस टाकत बसले होते," म्हणाली.

सुनेने आकडे दाबले. ते गोल चाक फिरत राहिलं, आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. आणि फोन उघडला बघ. थोड्या वेळाने मापं आली, बावीसच्या बावीस. जाऊ कात्री उचलून सरळ कापड कापायला बसली. भाऊजीच म्हणत फिरत होते, "माझ्या शर्टाने वाचवलं."

शनिवारी दुपारी बावीस गणवेश पोचते झाले. एकही परत आला नाही. मोठ्या नर्सबाईंनी अंगात घातला, आरशात वळून बघितलं आणि तिथल्या तिथे पुढचे तीस सांगितले. तरी ही बोललीच, "कंबर दोन बोटं वाढलीय तुमची, मी आधीच सैल ठेवलीय."

शर्ट आता कपाटात, इस्त्री करून. मशीनला तिने नवं झाकण शिवलं.