पिवळ्या बाणांवरून चालणारी आई

आमच्या आईने जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. गावातली माणसं ती तोंडावरून नाही, कॉलरवरून ओळखायची. "मास्तर विचार करताना मान खाजवतात बघ," असं म्हणून त्यांचा शर्ट उलटा करून दाखवायची. घड्या झाल्या की गठ्ठा खांद्यावर टाकून घरोघर स्वतः पोचवायची आणि वर दम भरायची, "डाग पाडू नका हो, मला त्रास होतो!" गिऱ्हाइकाला असं बोलायची हिंमत गावात तिचीच.

मग ती विसरायला लागली. आधी गंमत वाटली. डॉक्टरांचे शर्ट तिने बेकरीवाल्याला नेऊन दिले आणि तो पठ्ठ्या ते घालून ऐटीत पाव विकत बसला. 'डॉक्टर, एक पाव द्या' म्हणून लोकांनी त्याला पिडलं. मीही पोट धरून हसले. पण एकदा आई गिरणीमागच्या बोळात सापडली, येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचं घर विचारत. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दादा शहरात असतो. फोनवरून अक्कल शिकवायला त्याला कधी वेळ कमी पडत नाही. "बाहेरून कुलूप लाव आणि कामाला लाग," म्हणाला. मी लावलं. दुकान खाली आणि घर वर. मी खाली इस्त्री फिरवायचे, ती वर दार वाजवायची. "अगं, उघड ना! गठ्ठे पोचवायचे राहिलेत." ते ऐकता ऐकता माझ्या हातून एक शर्ट जळला. कुणाचा ते सांगत नाही, तो अजून शोधतोय. पण खरं सांगते, त्या दाराच्या आवाजाने मी आतून पार खचले होते.

त्याच सुमारास आपलं गाव ऐतिहासिक आहे, असा गावाला शोध लागला. पाहुण्यांनी यावं, नकाशा घ्यावा आणि गाइडशिवाय आपलं आपण गाव बघावं, असं ठरलं. जुन्या घरांवर पाट्या लागल्या, चौकातल्या पेटीत नकाशे आले, पेंटरने रस्त्याभर पिवळे बाण काढले. चौकातून निघायचं, गिरणी, दगडी पूल, घड्याळाचा मनोरा बघायचा आणि फिरून परत चौकात, म्हणजे आमच्या दुकानासमोर. मी म्हटलं, इथे बघण्यासारखं काय डोंबल आहे? पण लोक यायला लागले, आणि माना वर करकरून आमच्या पोपडे उडालेल्या भिंतींचे फोटो काढायला लागले.

एका सकाळी कुलूप लावायचं राहिलं. बघते तर आई चौकात उभी, हातात नकाशा, तोही उलटा. तिने पहिल्या बाणावर पाय ठेवला आणि निघाली. मी इस्त्री बंद केली आणि लपतछपत मागे. तिचं इकडेतिकडे लक्षच नव्हतं. एक बाण संपला की पुढचा बाण. पाहुणे पाटीपाशी थांबले की हीसुद्धा थांबायची आणि सगळं कळल्यासारखी मान डोलवायची. अख्खी फेरी पुरी करून ती आमच्या दारात आली. "दमले गं बाई! पाणी दे."

कुलूप मी त्याच दिवशी ट्रंकेत टाकलं. बेकरीवाल्याला आणि पुलापाशी बसणाऱ्या फुलवालीला सांगून ठेवलं. "मावशी निघाल्या हो!" अशी हाक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायची. माझी जीभ तिखट, आभार मानायची मला सवय नाही. पण या माणसांचे उपकार मी कसे फेडू? आणि त्या पेंटरचे? त्याला काय माहीत, त्याने चार डबे रंगात माझी आई मोकळी केली होती!

दादाला हे पटलं नाही. "एकदा जरी घरी आली नाही, तर परत कुलूप. तुला जमत नसेल तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवतो." मी म्हटलं, "कबूल!" रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

आणि एका दुपारी आई आलीच नाही. बेकरीवाला म्हणाला, केव्हाच गेल्या. फुलवाली म्हणाली, इथवर पोचल्याच नाहीत. दुकान उघडंच टाकून मी धावत सुटले.

गिरणीच्या वळणावर ही गर्दी! पेंटर फिके पडलेले बाण परत रंगवत होता आणि आई एका बाणापाशी दोन्ही हात पसरून उभी. "रंग ओला आहे! कपडे सांभाळा!" एका पाहुण्या बाईच्या झग्याची कड स्वतः वर धरून तिने तिला पलीकडे नेलं. पेंटर पायरीवर कपाळाला हात लावून बसला होता. "ताई, केव्हाचा वाळलाय. मी बाणावर बसूनसुद्धा दाखवलं. ऐकतच नाहीत, उलट माझी पँट तपासली!"

मला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू कोसळलं. आज रंगापाशी थांबली, उद्या कुठे थांबेल? दादाला दिलेला शब्द पाळायचा, की तिला अशीच फिरू द्यायची? भर रस्त्यात मी लहान मुलीसारखी रडत होते.

आईने माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं नव्हतं तिने. तरी जवळ आली आणि माझ्या बाहीची सुरकुती हाताने सारखी केली.

"रस्ता चुकलात का बाई?"

"हो," मी म्हटलं.

"मग रडायचं कशाला? या बाणांवरून चालत राहायचं. शेवटी इस्त्रीचं दुकान लागतं. माझी मुलगी असते तिथे. तोंडाने जरा फटकळ आहे, पण माझ्यासाठी दार उघडं ठेवते. तुम्हालाही पाणी देईल. चला, मी येते सोबत."

तिने माझा हात धरला, वाळलेल्या रंगाला वळसा घालून मला नेलं आणि घरी आणून सोडलं. मग मी दादाला फोन लावला आणि म्हटलं, शब्द मोडला म्हण, वाट्टेल ते म्हण, आई इथेच राहणार आणि दार उघडंच राहणार.